गाडी रात्रीच आणून ठेवा: शिरोलीजवळच्या एका डिझेल कार्यशाळेचा अनुभव

ज्या कार्यशाळेबद्दल लिहितो आहे, तिथे सकाळी सुरू व्हायला त्रास देणारी गाडी घेऊन गेलात की पहिला नियम कानावर पडतो तो असा, की गाडी आदल्या रात्री आठच्या आत आणून ठेवायची, किल्ली मिस्त्रींच्या हातात द्यायची आणि सकाळी ते स्वतः सेल्फ मारेपर्यंत इंजिनाला कोणीही हात लावायचा नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ही अट अवघड वाटली, कारण गाडी रात्रभर तिथे म्हणजे आपण रात्री दुसऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी. पण माझ्या पिकअपचे दुखणे ज्या दोन गॅरेजांना सापडले नाही, त्यांच्यात आणि या कार्यशाळेत खरा फरक या एका अटीचाच होता, असे आता म्हणता येते. मिस्त्रींचे शब्द होते, ‘सर, गाडी गरम करून आणली तर गरम गाडीचाच आजार सापडंल. तुमचा आजार गार गाडीचा हाय.’

कार्यशाळा कोल्हापूरजवळ, पुणे-बंगळूर महामार्गालगत, शिरोली औद्योगिक वसाहतीच्या बाजूला आहे. नाव लिहू का असे विचारले तेव्हा मिस्त्रींनी हात जोडले. आधीच गाड्या लावायला जागा नाही, म्हणाले. त्यांच्या इच्छेला मान देऊन नाव गाळतो आहे, मात्र त्या पट्ट्यात पंप आणि नोझलचे काम करणाऱ्या कोणालाही ‘रात्री गाडी ठेवून घेणारे मिस्त्री’ म्हटले तर दिशा मिळेल.

माझी गाडी २०१८ ची, दीड टनी, अडीच लिटरच्या कॉमन रेल डिझेल इंजिनाची आहे. कॉमन रेल म्हणजे पंप डिझेल दाबाने एका सामाईक नळीत, रेलमध्ये भरतो आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरांत फवारतात. हंगामात आम्ही आमच्या आणि शेजारच्या अशा दोन गुऱ्हाळांचा गूळ शाहू मार्केट यार्डात सौद्याला नेतो, त्यामुळे पहाटे पाचला गाडी सुरू होणे ही आमच्याकडे चैन नव्हे, गरज आहे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून असे होऊ लागले, की रात्रभर उभी राहिलेली गाडी पंधरा-वीस सेकंद सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नसे, सुरू झाल्यावर अर्धा मिनिट थरथरत असे आणि पांढऱ्या धुराने अंगण भरून टाकत असे; तीच गाडी दुपारी यार्डातून निघताना किल्ली फिरवताक्षणी सुरू होई.

घराजवळच्या गॅरेजने बॅटरी गेल्याचे सांगून ७,८०० रुपयांची नवी बॅटरी बसवली. सेल्फचा आवाज खणखणीत झाला, गाडी मात्र तितकीच उशिरा सुरू होत राहिली. दुसऱ्या गॅरेजने, तेही दुपारी गरम अवस्थेत गाडी पाहून, चारही इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप असा ५८,००० रुपयांचा अंदाज कागदावर लिहून दिला. त्या गॅरेजकडे गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही. कॉमन रेलच्या पुष्कळ इंजेक्टरांवर एक कोड छापलेला असतो आणि नवा इंजेक्टर बसवल्यावर तो कोड गाडीच्या संगणकात भरावा लागतो. ज्यांच्याकडे तो भरण्याचे साधनच नाही त्यांनी चार इंजेक्टर बदलायला काढावेत, हे आता आठवले की हसू येते. त्या वेळी मात्र मी कर्जाचा हिशेब मांडायला बसलो होतो.

या कार्यशाळेत गाडी ठेवायला गेलो त्या रात्री मिस्त्रींनी बॉनेट उघडलेसुद्धा नाही. त्यांनी पाऊण तास फक्त प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न डॉक्टरांच्या केसपेपरसारखे क्रमाने होते. त्रास रोज होतो की अधूनमधून, किती तास उभी राहिली की होतो, सेल्फ जोरात फिरतो की रेंगाळतो, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काहीच येत नाही की धूर येतो, आला तर कोणत्या रंगाचा, डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, कोणी बदलला. धुराच्या प्रश्नावर ते बराच वेळ थांबले. सेल्फ फिरतो आहे आणि धूर अजिबात नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येतो, याचा अर्थ डिझेल पोहोचते पण पेटत नाही, म्हणजे उष्णता कमी पडते किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणे. काळा धूर असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. माझ्या गाडीत पहिले दहा-बारा सेकंद काहीच येत नव्हते आणि त्यानंतर एकदम पांढरा लोट येत होता. हे मी तोपर्यंत कोणालाच सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

शेवटचा प्रश्न मला विचित्र वाटला. ‘अंगणाला उतार हाय का? गाडी तोंड वर करून लावता का खाली?’ आमच्या अंगणाला रस्त्याकडे चांगलाच उतार आहे, आणि नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉलीला जागा सोडायची म्हणून मी गाडी उलटी, म्हणजे तोंड वर करून लावू लागलो होतो. मिस्त्रींनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिले. त्यांच्या मनात उत्तर तिथेच तयार झाले असावे. तरी सकाळपर्यंत त्यांनी ते बोलून दाखवले नाही, आणि हे मला विशेष आवडले. गाडी त्यांनी पिटच्या शेजारच्या रॅम्पवर, तोंड वर करूनच उभी केली.

सकाळी साडेसहाला मी पोहोचलो. आधी बॅटरी: उभ्या अवस्थेत १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली, आणि सेल्फ मारताना १०.६ च्या खाली न जाणारी. साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर किंवा सेल्फवर संशय घेता आला असता. त्यानंतर त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला आणि दुसरी थेट इंजिनाच्या धातूला लावून पुन्हा सेल्फ मारला, तेव्हा ०.६ व्होल्टचा फरक दिसला. एवढ्या जाड तारेत फार तर ०.२ व्होल्ट जावेत. बाकीचे अर्थिंगच्या पट्टीवरच्या गंजात जात होते. पट्टी काढून पॉलिश पेपरने घासून बसवल्यावर फरक ०.१ वर आला. जुनी बॅटरी कदाचित गेलेलीच नव्हती, हे माझे मीच समजलो. मिस्त्री त्यावर काही बोलले नाहीत.

मग लॅपटॉप जोडला. हे काम त्यांच्याकडची एक तरुण मुलगी करते आणि पडद्यावरचे आकडे गाडीच्या मालकाला समजावून सांगण्याचा तिला कंटाळा नाही. सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे मिनिटाला दोनशेच्या थोडे वर दिसत होते. त्यावरून दोन गोष्टी एकदम निकालात निघाल्या: सेल्फ पुरेशा वेगाने फिरवतो आहे, आणि इंजिनाचे फेरे टिपणारा क्रँक सेन्सर जिवंत आहे, कारण तो मेला असता तर फेऱ्यांच्या जागी शून्य दिसले असते. पण रेलमधला दाब साठ-सत्तर बारवर अडकला होता. अशा इंजिनाला सुरू होण्यासाठी साधारण २०० बारच्या आसपास दाब लागतो आणि तेवढा झाल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. म्हणजे मी घरी पंधरा सेकंद सेल्फ मारत होतो तेव्हा इंजिनाला डिझेलचा थेंबही मिळत नव्हता. अकराव्या-बाराव्या सेकंदाला आकडा चढू लागला आणि गाडी धूर सोडत सुरू झाली.

दुसऱ्या गॅरेजने हेच आकडे पाहिले असते तरी कदाचित पंपच गेला म्हणून सांगितले असते. दाब कमी असण्याला तीन कारणे असू शकतात: पंपाकडे डिझेल येत नाही, पंप दाब करत नाही, किंवा इंजेक्टर तो दाब परतीच्या वाटेने सोडून देतात. सर्वांत स्वस्त कारण आधी तपासायचे, हा येथला रिवाज दिसला. फिल्टर आणि पंप यांच्यामधली रबरी नळी काढून त्यांनी तिथे पारदर्शक नळी बसवली, गाडी बंद करून तशीच रॅम्पवर चार तास ठेवली आणि मला यार्डातले काम उरकून या म्हणून पाठवून दिले. अकराला परत आलो तेव्हा त्या नळीतले डिझेल निम्म्याहून खाली उतरलेले दिसत होते, आणि सेल्फ मारताच तिच्यातून बुडबुड्यांची माळ पळू लागली. लाइनमध्ये एअर. मग लाइनमध्ये डिझेल भरणाऱ्या हातपंपाला, म्हणजे प्रायमरला, तो कडक लागेपर्यंत वीस-पंचवीस दाब दिले, आणि गाडी दुसऱ्या सेकंदाला सुरू झाली.

हे दुखणे लपून का राहते, ते येथे लिहितो, कारण पिकअपवाल्यांपैकी पुष्कळांना हे माहीत नसावे. माझ्या गाडीसारख्या गाड्यांत टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ही ओढीची लाइन असते, म्हणजे पंप तिच्यातून डिझेल ओढून घेतो. तिच्यातल्या फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते, त्यामुळे खाली एक थेंबही पडत नाही, वास येत नाही आणि फडक्याने पुसून पाहिले तरी ओल लागत नाही. गाडी उभी राहिली की त्या फटीतून हवा आत येते आणि डिझेल आपल्या वजनाने टाकीकडे परत जाते. तोंड वर करून लावली की इंजिन उंच आणि टाकी खाली, म्हणून लवकर जाते. गाडी सपाटीवर किंवा तोंड खाली करून लावली असती तर हाच दोष कदाचित पावसाळ्यापर्यंत कळला नसता. घरच्या घरी करता येण्याजोगी ही एकच चाचणी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत: एक रात्र गाडी तोंड खाली करून लावा, दुसऱ्या रात्री वर करून, आणि सकाळचे सेकंद मोजा.

फट कुठे होती? फिल्टरच्या डोक्याखालच्या रबरी रिंगमध्ये. ऑक्टोबरमध्ये मी स्वतः यार्डाजवळच्या एका दुकानातून निम्म्या किमतीचा फिल्टर आणला होता आणि तो बसवताना जुनीच रिंग परत वापरली गेली होती. मिस्त्रींनी ती काढून माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा ती वाकवताच तिला चीर पडली. येथे दोष कोणत्याही गॅरेजचा नाही, तो माझा आहे. प्रायमरमधला, डिझेल मागे जाऊ न देणारा व्हॉल्वही ढिला होता, तोही बदलला.

यानंतर माझे काम संपले असे मला वाटले होते, पण त्यांनी दुसरा दिवसही मागून घेतला, कारण दोन सेकंदांत सुरू झालेली गाडीदेखील पांढरा धूर सोडत होती. दुसऱ्या सकाळी गार इंजिनाचे सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगच्या मुख्य तारेवर क्लॅम्प मीटर लावले. चांगला प्लग सुरुवातीची उसळी ओसरल्यावर दहा ते पंधरा अँपिअर घेतो, म्हणजे चारांचे पन्नासच्या आसपास व्हायला हवेत. मीटर सत्तावीस दाखवत होते. वेगवेगळे मोजले तेव्हा दोन प्लग एक ओहमच्या आसपास आणि दोन संपूर्ण तुटलेले निघाले. डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा मात्र नेहमीसारखा लागून विझत होता. यावर मिस्त्रींनी जे सांगितले ते मला त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण वाटते: कोल्हापूरच्या थंडीत दोन प्लग गेले म्हणून असली डायरेक्ट इंजेक्शनची गाडी अडत नाही, ती फक्त धूर करते आणि थरथरते, प्लग बदलले नाहीत तरी चालेल, पण गगनबावड्याच्या घाटाकडे पहाटे जात असाल तर बदला. मी चारही बदलले.

इंजेक्टरांचे काय, हे मीच विचारले, कारण ५८,००० चा कागद अजून खिशात होता. त्यांनी इंजेक्टरांतले उरलेले डिझेल मागे नेणाऱ्या परतीच्या चारही नळ्यांना एकसारख्या बाटल्या लावून गाडी चालू ठेवली. तीन बाटल्यांत डिझेल जवळजवळ सारखे जमले, तिसऱ्या इंजेक्टरच्या बाटलीत बोटभर जास्त. मर्यादेत आहे, पण पुढच्या दिवाळीला पुन्हा बघू, असे त्यांनी बिलाच्या मागे लिहून दिले. कॉम्प्रेशन मात्र त्यांनी मोजले नाही. सेल्फ मारताना चारही सिलिंडरांचा आवाज एका लयीत येतो आहे, एकही ठोका हलका पडत नाही, एवढ्यावर त्यांनी ते ग्राह्य धरले. मीटरवर आकडा पाहायला मला आवडले असते. पण त्यासाठी लागणारे दीड-दोन तास आणि त्याचे पैसे त्यांनी वाचवले, हेही खरे.

कानाने कॉम्प्रेशन ओळखण्याची ही सवय जुनी आहे. मिस्त्री कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑईल इंजिनांवर शिकले. विहिरीवरच्या त्या इंजिनांना हँडल मारून, डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडून देणारा, खटका वर ठेवून फिरवायचे, नोझलमधून ‘चिर्र’ असा आवाज आला की डिझेल येते आहे असे समजायचे आणि खटका सोडायचा. कॉम्प्रेशन किती आहे ते मनगटालाच कळायचे. लॅपटॉपवरचा दाबाचा आलेख पाहताना ते मध्येच डोळे मिटून सेल्फचा आवाज ऐकत होते, आणि ती मुलगी तोवर आकडा वाचून दाखवत होती. दोघांचे जमते.

एका बाबतीत ते फार कडक आहेत. सकाळी एक शेजारचा ड्रायव्हर स्टार्टिंग स्प्रेची बाटली घेऊन आला तेव्हा त्यांनी ती त्याच्या हातातून काढूनच घेतली. तो वायू अगदी थोड्या उष्णतेने पेटतो, आणि हीटर प्लग तापलेले असताना तो इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या वाटेत, मारला तर वेळेआधीच भडका उडून पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉड जाऊ शकतो. माझ्याही गाडीवर दुसऱ्या गॅरेजने तो दोनदा मारला होता. माझे दोन प्लग मेलेले होते, दोन जिवंत होते.

आता तक्रारी. बसायला जागा नाही. एक मोडका बाक आहे आणि महामार्गाची धूळ थेट चहाच्या कपात येते. फोन दुपारी कोणी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी बाराला देतो म्हणालेली गाडी संध्याकाळी पाचला मिळाली आणि त्याबद्दल कोणी दोन शब्द बोलले नाही. माझी त्या दिवशीची यार्डातली खेप दुसऱ्याच्या गाडीने गेली, तिचे भाडे वेगळे. घरी आल्यावर पाहिले तर एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप लावायची राहिली होती. इतकी बारीक तपासणी करणाऱ्यांकडून ही चूक अपेक्षित नव्हती, आणि गुऱ्हाळाच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीला ती महागात पडली असती. इंजिन धुण्याचे २०० रुपये न विचारता लावले.

एकूण बिल ६,८५० रुपये झाले: तपासणीचे १,५००, चार हीटर प्लगांचे २,४००, रिंगांसह चांगल्या फिल्टरचे ९००, प्रायमरचे ६५०, मजुरी १,२०० आणि वर सांगितलेले धुण्याचे. तपासणीचे पैसे वेगळे लावतात यावर तिथे काही लोक वाद घालताना दिसले. मला मात्र या बिलातली तीच रक्कम सर्वांत रास्त वाटली. तपासणी फुकट असते तिथे मिस्त्रीला आपली कमाई सुट्या भागांतूनच काढावी लागते, आणि मग बॅटरी किंवा इंजेक्टर विकला गेला तरच त्याचा दिवस सुटतो. येथे दोष पन्नास-साठ रुपयांच्या रिंगमध्ये निघाला तरी त्यांचे नुकसान होणार नव्हते, म्हणून तो निघू शकला. बदललेले सर्व भाग पिशवीत घालून परत देतात, न मागता.

ज्यांची गाडी दिवसा, गरम असताना सुरू व्हायला त्रास देते त्यांनी रात्री ठेवण्याचा आग्रह धरू नये. त्यांना मिस्त्री दहा-पंधरा किलोमीटर चालवून, बंद न करता थेट आत आणायला सांगतात, कारण गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेला पंप किंवा इंजेक्टर तेव्हाच उघडा पडतो. क्रँक सेन्सरही बऱ्याचदा तापल्यावरच दगा देतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्याही ते पाहतात, मात्र सायलेन्सरच्या फिल्टरसंबंधी काम असेल तर कंपनीच्या सेंटरला पाठवतात.

काम होऊन सव्वादोन महिने झाले. अंगणात ट्रॉली अजून आहे, गाडी अजून तोंड वर करूनच उभी असते आणि पहाटे पाचला दुसऱ्या सेकंदाला सुरू होते. सोमवारी कार्यशाळा बंद असते. रविवारी रात्री गाडी ठेवायला नेऊ नका.